फळीचं तोंड

पॉलिशवाल्या काकांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि गच्चीवरच्या लाकडी डेकवर शिंपडलं. "पाहा ताई."

थेंब क्षणभर थबकले, मग फळीत जिरून गेले. काळपट डाग तेवढे उरले.

"तहानलं आहे जी लाकूड. तुम्ही वरतून नुसतं चमकवत राहिल्या."

दोन दिवाळ्या मी हौसेनं व्हार्निश मारलं होतं. आता त्याचे कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटलेत. मे महिन्यात नागपूरचं ४५ अंशांचं ऊन, मग पाऊस. लाकूड फुगतं, आकसतं. वरचा कडक थर कुठवर ताणणार, बाप्पा?

आज काकांनी सगळं खरवडलं. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२० चा, रेषांच्या दिशेनंच. मग बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल. पण पहिला ब्रश फळीच्या कापलेल्या टोकांना. भिंतीकडच्या, कुणाला न दिसणाऱ्या. तिथं मी कधी हातच लावला नव्हता.

"फळी जास्त पाणी पिते ते तोंडानं. पोटानं कमी."

जाताना तेलाची फडकी त्यांनी कठड्यावर एकेक सुटी पसरली. मी बोळा करून जिन्याखाली टाकणार होते. "तसं नका करू. आतल्या आत तापतात, आपोआप पेटतात."

तेव्हापासून घरभर फिरतेय. दाराचा खालचा काठ, खिडकीची चौकट, कपाटाची पाठ. पाहुण्यांना दिसतं तेवढंच पुसलंय मी आजवर.

तुमच्या झोपाळ्याच्या फळीची टोकं कधी पाहिलीत?