टिचकी

पट्टीचुंबकावर जाडसर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरवला, तर आधी नुसता पसारा दिसतो. मग कागदाला हलकेच टिचकी मारायची. कण जरासे उडतात आणि खाली बसताना वळून बसतात. आणखी एक-दोन टिचक्या मारल्या, की या टोकापासून त्या टोकापर्यंत कमानी उमटतात. प्रयोगवहीत आपण त्या कमानी मन लावून काढायचो. टिचकीच्या वाट्याला मात्र ‘कृती’मधली अर्धी ओळ. माझ्या मते हा टिचकीवर अन्याय आहे.

कारण चुंबकाजवळ आलेला प्रत्येक कण स्वतःच इवलासा चुंबक झालेला असतो. त्याला वळायचे असते, पण कागदाचे घर्षण वळू देत नाही. टिचकीने तो क्षणभर सुटतो, तेवढ्यात दिशा धरतो आणि पुढच्याला जाऊन चिकटतो. लोकल सुटताना बसणाऱ्या पहिल्या धक्क्याने दारातली गर्दी कशी बसते, तसेच.

टिचकीच्या आधीही लोकांनी हा आकार शोधला होता. 1269 साली इटलीतल्या लुचेरा शहराला वेढा पडला होता. त्या छावणीतून पेत्रुस पेरेग्रिनुस नावाच्या फ्रेंच माणसाने चुंबकावर एक लांबलचक पत्र लिहिले. (वेढ्यात रिकामा वेळ भरपूर मिळत असावा.) चुंबकदगडाचा गोळा घ्या, त्यावर सुई ठेवा, ती जशी थांबेल तशी रेघ ओढा, असे त्याचे सांगणे. सगळ्या रेघा शेवटी समोरासमोरच्या दोन बिंदूंत मिळतात. त्या बिंदूंना त्याने ध्रुव म्हटले.

किसाचे चित्र फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1644 मध्ये ग्रंथात छापले, आणि त्यामागचे कारणही झोकात दिले: चुंबकातून स्क्रूसारखे आटे असलेले सूक्ष्म कण वाहतात, काही उजव्या आट्याचे, काही डाव्या. चित्र बरोबर, कारण साफ चूक.

मग आला मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी केलेला, गणितात कच्चा. 1851च्या सुमारास त्याने मेण लावलेल्या कागदावर कीस पसरून, मेण तापवून, ते आकार कायमचे चिकटवून ठेवले. इतरांचे लक्ष चुंबकावर होते. हा मात्र चुंबकाच्या बाहेरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. तिथेच काहीतरी आहे, असे त्याचे ठाम मत. त्या मताला पुढे तरुण भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने गणिताची भाषा दिली. त्याचा ‘फॅरडेच्या बलरेषांविषयी’ हा निबंध 1855-56 मधला.

गंमत अशी, की कागदावर मोजता येतात तशा सुट्या रेषा तिथे नसतातच. चुंबकीय क्षेत्र सलग पसरलेले असते, दोन रेषांमधल्या कोऱ्या पट्टीतसुद्धा. ती पट्टी कोरी पडते, कारण कण एकमेकांना ओढून साखळ्या करतात. कीस झटकून पुन्हा पसरा: कमानींचा घाट तोच, पण रेषा वेगळ्याच जागी. आणि टिचक्या मारतच राहिलात तर कण हळूहळू ध्रुवांकडे सरकतात नि मधले चित्र विस्कटते.

घरी करून बघणार असाल तर चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. उघड्या चुंबकाला एकदा कीस लागला, की तो सगळा काढणे फॅरडेलाही जमले नसते.