त्रिपुरी पौर्णिमा ते महाशिवरात्र: चिआंग माईला निघण्याआधी नाशकातच उरकायची कामं

नाशिकची थंडी सोडून हिवाळा परदेशात, लॅपटॉपवर नोकरीचं काम करत काढायचा म्हटलं की घरची माणसं आधी कपाळाला आठ्या घालतात. त्यांचंही खरं आहे. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, बाजारात ओला हरभरा आणि मटार येतो. वर्षातला नाशकात राहण्याचा काळ हाच. पण उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईचा चांगला काळही नेमका हाच आहे. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जवळजवळ नाही, रात्री पंधरा-सोळा अंश, दुपारी अंगात साधा शर्ट पुरतो. फेब्रुवारी उजाडला की शेतातला पालापाचोळा आणि डोंगरावरचं रान जळायला लागतं, दरीत धूर साचतो आणि मार्च-एप्रिलमध्ये खिडकी उघडायची सोय राहत नाही. म्हणून माझा हिशेब पंचांगावरच बसवलेला आहे: त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जायचं, महाशिवरात्रीच्या आत परतायचं.

असे दोन हिवाळे झाले, तिसऱ्याची बांधाबांध चालू आहे. ओळखीतले लोक विचारतात ते सामानाबद्दल: स्वेटर किती, लोणचं किती. माझ्या मते सामानाची चिंता सगळ्यात शेवटी करावी. स्वेटर तिथं मिळतो, छत्री मिळते, चार्जरही मिळतो. काही गोष्टी मात्र भारतात असतानाच दुरुस्त होतात आणि त्या बिघडल्या की तिथून हात पोचत नाही. त्यात पहिला नंबर मोबाइल नंबरचा.

बँक, आधार, प्राप्तिकर, जीएसटी, डिमॅट, सगळं एका दहा आकडी नंबराला बांधलेलं असतं. त्या नंबरावर ओटीपी येईनासा झाला की खात्यात पैसे असून घरभाडं देता येत नाही. मला सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची येते, कारण इलाज सोपा आहे, फक्त तो निघण्याआधी करावा लागतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा दुकानातून इथंच चालू करून घ्यायचं आणि आपल्या प्लॅनला त्यासाठी वेगळा पॅक लागतो का, तेही विचारायचं. इथं लोकांची गफलत होते ती अशी: फोनच्या सेटिंगमधलं ‘डेटा रोमिंग’ वेगळं आणि कंपनीकडून चालू होणारं रोमिंग वेगळं. पहिलं बंद ठेवायचं, दुसरं चालू. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, बिल फुगतं ते डेटा आणि कॉलने. पुष्कळ जण बिलाच्या भीतीने दोन्ही बंद करून जातात आणि मग तिथं बसून बँकेला ईमेल लिहीत राहतात. प्रीपेड असेल तर रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे निदान एक महिना हवी.

भारतीय नंबर प्लास्टिकच्या सिमवरच ठेवा आणि थायलंडचा नंबर ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर घ्या. उलटं करू नका. फोन पडून फुटला तर प्लास्टिकचं सिम काढून दुसऱ्या कोणत्याही फोनमध्ये घालता येतं. ई-सिम नव्या फोनवर आणताना पडताळणीची साखळी पुन्हा त्याच बंद पडलेल्या नंबरावर येऊन थांबण्याचा धोका असतो. सिम हरवलं तर बदली सिमसाठी भारतात ओळख पटवावी लागते. आणि सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात, म्हणून जुनं झिजलेलं सिम बदलायचं असेल तर ते निघण्याच्या आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी. यूपीआयची अ‍ॅपही फोनमधल्या सिमवरून स्वतः एसएमएस पाठवून नंबर जोडतात. नवा फोन घेतला असेल तर ही जोडणी कॉलेज रोडवर किंवा सिडकोत बसून पूर्ण करा, तिथं जाऊन नको.

नंबर जिवंत का हवा, हे तारखांवरून कळतं. आगाऊ कराचा हप्ता १५ डिसेंबरला असतो. जीएसटी दरमहा भरणाऱ्यांना २० तारीख चुकत नाही. कार्डावरून आपोआप कटणारी बिलं साधारणपणे १५ हजार रुपयांपर्यंत विनाओटीपी जातात, त्यावरची रक्कम थांबून ओटीपी मागते. ऑफिसच्या लॉगिनसाठी ऑथेंटिकेटर अ‍ॅप असेल तर त्याचे राखीव कोड कागदावर लिहून पासपोर्टच्या पाऊचमध्ये ठेवावेत, फोनमध्ये नाही. बँका दोन हव्यात, दोघींची कार्डं वेगळ्या पाकिटांत. कार्डाचा परदेशी वापर बहुधा मुळात बंदच असतो, तो अ‍ॅपमधून चालू करून मर्यादा ठरवावी. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी दोनशे बाटांच्या (बाट हे तिथलं चलन) वर शुल्क जातं, म्हणून थोडे थोडे पैसे काढण्यात अर्थ नाही. मशीनने ‘रुपयांत हिशेब करू का’ विचारलं तर नको म्हणायचं, बाटच निवडायचे. रुपयांचा दर ते लावतात तो आपल्या बँकेपेक्षा वाईट असतो.

व्हिसाचं काम त्या मानाने सरळ आहे, फक्त कागद नीट हवेत. जुलै २०२४ पासून थायलंडने दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला. मुदत पाच वर्षं, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस. वय वीस पूर्ण हवं, खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे आपले चौदा लाखांच्या आसपास. शुल्क दहा हजार बाट, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. अर्ज थायलंडच्या बाहेर असतानाच करायचा. भारतातून जानेवारी २०२५ पासून तो ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे मुंबईची खेप वाचते.

अडतं दोन ठिकाणी. एक, बँकेचं स्टेटमेंट: आठवड्यापूर्वी कुणाकडून तरी आलेले चौदा लाख त्यात दिसले की संशय येतो. पैसे निदान तीन महिने मुरलेले हवेत. दोन, कंपनीचं पत्र. ‘अमुक व्यक्ती आमच्याकडे नोकरीला आहे’ एवढ्या पत्राने काम होत नाही. पद, कधीपासून, पगार, आणि भारताबाहेर राहून काम करायला परवानगी आहे, हे वाक्य स्पष्ट लागतं. एचआरला मसुदा आपणच लिहून द्यावा, नाहीतर साच्यातलं पत्र येतं. आपल्याकडे आणखी एक गुंता नावाचा असतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पूर्ण, बँकेत फक्त आद्याक्षर, तिकिटावर तेही नाही. तीन कागदांवर तीन नावं नकोत. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर आहे ना, तेही आत्ताच उघडून बघा. ज्या गावाच्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात देशाचे पासपोर्ट छापले जातात, त्या गावच्या माणसाला मुदत संपली म्हणून विमानतळावरून परत यावं लागू नये.

कराच्या बाबतीत तीन महिन्यांचा मुक्काम सोयीचा आहे. थायलंड एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलेल्याला आपला रहिवासी धरतं, आणि आपला हिवाळा तर दोन वर्षांत वाटला जातो. भारतात आपण रहिवासीच राहतो, कर इथंच भरायचा. कंपनीच्या आयटी विभागाला मात्र तारखा आधी कळवाव्यात. लॉगिन एकदम थायलंडहून झालेलं दिसलं की खातं आपोआप कुलूपबंद होतं, आणि नेमकं ते सोमवारी सकाळी होतं.

वेळेचं गणित हेच चिआंग माईचं खरं सुख. थायलंड आपल्या दीड तास पुढे. इथलं दहा ते सात म्हणजे तिथलं साडेअकरा ते साडेआठ. सकाळ पूर्ण आपली. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, तेराव्या शतकाच्या अखेरीस गाव वसलं तेव्हाचा आराखडा अजून तसाच दिसतो, त्याच्या काठाने पायी फेरी मारून आलं तरी कामाला वेळ उरतो. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर एक लक्षात ठेवा: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ तासभर मागे नेतात. आपली संध्याकाळी साडेसहाची मीटिंग साडेसातला जाते, म्हणजे चिआंग माईत रात्री नऊ. जेवणाच्या वेळा त्याप्रमाणे लावाव्यात.

खोली बघताना सगळे पोहण्याचा तलाव विचारतात, टेबल कोणी विचारत नाही. फोटोत जे ‘वर्क डेस्क’ दिसतं ते पुष्कळदा आरशापुढचं ड्रेसिंग टेबल असतं, खाली पाय जात नाहीत आणि खुर्ची म्हणजे बिनपाठीचं स्टूल. यावर आठ तास बसून तिसऱ्या आठवड्यात कंबर धरते. मालकाला मोजपट्टी लावलेला फोटो मागा. टेबल जमिनीपासून ७२ ते ७५ सेंटिमीटर, बैठक ४३ ते ४६, आणि टेबलाखाली गुडघ्यांना निदान ६० सेंटिमीटर रुंद मोकळी जागा. फोटो पाठवायला जो मालक कुरकुर करतो, त्याची खोली मी तरी घेणार नाही. वाय-फायचा वेग व्हिडिओ कॉलवर समोर मोजून दाखवायला सांगा, आणि तो रात्री आठ वाजता, दुपारी नाही. विजेचा दर लिहून घ्या. सरकारी दर युनिटला चार बाटांच्या आसपास असतो, इमारतवाले सात-आठ लावतात. आपण राहायला आलो ही नोंद मालकाने चोवीस तासांत इमिग्रेशनकडे करायची असते, टीएम-३० म्हणतात तिला. ती पावती मागून घ्या. पुढे मुदतवाढ किंवा दुसरं काही काम निघालं तर तीच मागतात.

आपल्या जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या बोर्डात जात नाही. अ‍ॅडॉप्टरांची माळ नेण्यापेक्षा लॅपटॉपच्या चार्जरची सुटी होणारी वायर तेवढी तिथल्या पिनेची घ्यावी. फोनचे बारीक दोन पिनांचे चार्जर चालतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, मर्यादा १०० वॉट-अवरची: वीस हजार एमएएचची बँक ७४ वॉट-अवर भरते, तीस हजारांची मर्यादा ओलांडते.

आता खाण्याचं. थंडी म्हटलं की बाजरीची भाकरी आठवणारच, पण बाजरीचं पीठ नेऊ नका. बाजरीच्या कोंबात तेल जास्त असतं, दळल्यावर ते हवेला लागतं आणि पीठ थोड्याच दिवसांत कडू पडतं. महिनाभराने डबा उघडला तर वासच सांगतो. थालीपिठाची भाजणी न्या. धान्य भाजलेलं असल्याने ती तीन महिने टिकते, आणि तिथल्या विजेच्या शेगडीवर, जाड बुडाच्या तव्यावर, थापून झाकण ठेवलं की छान होते. मेतकूट, काळा मसाला, हिंग पुरे. मसाला आपल्या घरचा, खोबरं आणि कांदा खमंग भाजून कुटलेला, दोन पिशव्यांत हवा काढून बंद करायचा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका. तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. कुकर नेणार असाल तर बुडाला चुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर इंडक्शनवर तो तापणार नाही. पिवळ्यावर लाल अक्षरांची ‘जे’ची पाटी दिसली की तिथं शुद्ध शाकाहारी मिळतं, दूधसुद्धा नसतं. फिश सॉस टाळणाऱ्यांना ही पाटी मोठा आधार आहे.

स्कूटर चालवणार असाल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढाच. त्यावर मोटारसायकलचा वर्ग हवा; फक्त कारचा असून उपयोग नाही. डोंगरातल्या वळणांवर रोज कुणीतरी घसरतं, आणि वैध परवाना नसेल तर विमा कंपनी दवाखान्याचं बिल नाकारते. विमाही भारत सोडण्याआधीच घ्यायचा. नेहमीच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. झोपेच्या आणि काही तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर तिथं निर्बंध आहेत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बॅगेत टाकू नका.

त्रिपुरी पौर्णिमेचंही सांगायला हवं. त्याच पौर्णिमेला तिथं लोय क्राथोंग असतो. केळीच्या खांबाची चकती, तिला दुमडलेल्या केळीच्या पानाची कड, मध्ये झेंडूची फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती. बायका वाकून पिंग नदीत ती अलगद सोडतात आणि पाण्याला हात जोडतात. रामकुंडावर द्रोणातले दिवे सोडताना पाहिलेल्याला तिथं परकं वाटत नाही, गळा दाटून येतो. पण त्या आठवड्यात खोल्यांचे दर चढतात आणि आकाशात सोडलेल्या कंदिलांमुळे संध्याकाळची कितीतरी विमानं रद्द होतात किंवा वेळ बदलतात. तो सोहळा पाहायचा असेल तर चार दिवस आधी पोचा, नसेल तर पौर्णिमा उलटू द्या.

थायलंडला पोचण्याआधीच्या ७२ तासांत तिथलं डिजिटल आगमन कार्ड भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो, पण पुढे मुंबईच्या वाटेवर इगतपुरीपासून समृद्धी महामार्ग आणि तो आठ किलोमीटरचा बोगदा मिळाला की कसारा घाटाचा ताण उरत नाही. घरी गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा, पाण्याचा मुख्य नळ बंद करा. बँकॉकहून पुढचं विमान त्याच विमानतळावरून आहे ना, तेही तिकिटावर पाहा. सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग शहराच्या दोन टोकांना आहेत.

उतरल्यावर बाहेर पडण्याची घाई नको. सामानाच्या पट्ट्याजवळ उभं राहून विमानतळाच्या वाय-फायवर बँकेचं पान उघडायचं, ओटीपी लागेल असा छोटासा व्यवहार करायचा आणि मेसेज येईपर्यंत थांबायचं. आला नाही तर विमान मोड एकदा चालू-बंद करून, नेटवर्क हाताने निवडून बघायचं. मग टॅक्सी.