कात्रीचा स्क्रू

दुपारी एखादं पाकीट कापायला घ्यावं आणि कात्रीने ते कापण्याऐवजी दोन पात्यांमध्ये चघळत बसावं, की माणूस आधी पात्यांना बोल लावतो. बोथट झाली म्हणतो, नवी कात्री आणायला निघतो. पाती बरेचदा धडधाकट असतात. सैल झालेला असतो मधला स्क्रू.

बंद कात्री उजेडासमोर आडवी धरली, तर दोन पात्यांमध्ये बारीकशी फट दिसते. ती मुद्दाम ठेवलेली असते. पाती किंचित बाक देऊन घडवलेली असतात, म्हणून कापताना ती एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात आणि ही भेट मुठीकडून टोकाकडे सरकत जाते. मधली पकड ढिली झाली की भेट चुकते, आणि कागद आडवा होऊन फटीत शिरतो. पारख सोपी आहे. एक मूठ हातात धरायची, दुसरी उचलून सोडून द्यायची. वरचं पातं अर्ध्या वाटेत थांबलं तर ठीक. धाडकन मिटलं तर सैल, जागचं हललंच नाही तर फार घट्ट. स्क्रू असेल तर पाव फेरा आवळला की काम होतं. रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेली खीळ असेल तर हातोडीशिवाय इलाज नाही, आणि हातोडीचा एक ठोका कमी पडतो, दुसरा जास्त होतो.

म्हणून कात्रीला दोन पैसे जास्त मोजायचे ते या स्क्रूसाठी. मुठीवरच्या मऊ रबरासाठी मोजू नयेत. तो कापत नाही. डावखुऱ्यांनी मात्र डाव्या हाताचीच कात्री घ्यावी, ती चैन नव्हे. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा नैसर्गिक दाब पाती एकमेकांपासून दूर ढकलतो, आणि बिचारा डावखुरा आयुष्यभर स्वतःलाच धांदरट समजत राहतो.

बॅग घेतानाही हेच होतं. कापड चोळून पाहतात, कप्पे मोजतात, आणि चेन एकदा सर्रकन ओढून सोडून देतात. बॅग जाते ती मात्र चेनपायी. त्यातही दात सहसा शाबूत असतात, झिजतो रनर. त्याचे ओठ फाकतात आणि तो पुढे गेला की मागे दात उघडेच राहतात. पकडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा आळीपाळीने हलकेच दाबल्या, तर आणखी काही महिने निघतात. जोर केला तर ओतीव धातू तडकतो आणि विषयच संपतो. रनरच्या पाठीवर पुष्कळदा 3, 5, 8 किंवा 10 असा आकडा असतो, तो साधारणपणे मिटलेल्या दातांच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. बाहेरच्या छोट्या कप्प्याला 5 चालतो, पण पुस्तकांनी ठासून भरायच्या मोठ्या कप्प्याला 8 किंवा 10 असलेला बरा.

किमतीला वापराच्या दिवसांनी भागावं, असं एक गणित सांगतात. गणित बरोबर आहे, पण भाजक आपण दुकानात उभं राहून, उत्साहाच्या भरात ठरवतो. टॉवेलचा भाजक पक्का, रोजचाच. तिथे जास्त पैसे द्यावेत, पण जाडीला भुलू नये: चौरस मीटरला 400 ग्रॅमचा टॉवेल लवकर वाळतो, 600 च्या पुढचा ऐटबाज असतो आणि कोंदट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलसर. छत्रीचा भाजक काड्यांच्या मजबुतीवर कमी, आपल्या विसराळूपणावर जास्त ठरतो.

आणि बुटांचा भाजक तर कपाटात बसून आपोआप घटतो. महागाचे बूट खास प्रसंगासाठी जपून ठेवणाऱ्यांची दया येते. पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा सोल हवेतली ओल शोषतो आणि त्याच्या रेणूंची साखळी आतल्या आत तुटत जाते. काही वर्षांनी ठेवणीतले बूट बाहेर काढावेत, तर पाच पावलांत सोलचा भुगा. रोज वापरले असते तर निदान झिजून तरी गेले असते.

एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरीत काटकसर करू नये, एवढं मात्र हसण्यावारी न नेता सांगतो. हीटर लावायचा असेल तर आत 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. बारीक तार आधी कोमट होते. वेटोळं करून ठेवलेली असली तर त्याहून लवकर तापते, आणि वरचं प्लॅस्टिक मऊ पडतं.

कात्रीचा स्क्रू आवळायला स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो स्वस्तातला असतो, मऊ पोलादाचा. खाचेत बसवून पिळला की त्याचंच टोक गोल होतं, आणि स्क्रूची खाचही. पाकीट शेवटी दातांनीच फाडलं जातं.