चारशेवर अडकलेला तात्या

मांजराला डायबेटिस झालाय असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग विचारतो, "फार गोड खातो का?" तात्या गोड खात नाही. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. पण वय नऊ, नसबंदीचं ऑपरेशन झालेला बोका, वजन सात किलो आणि दिवसभर फ्लॅटमध्ये लोळणं, हे सगळं एकत्र आलं की तो या आजाराचं ठरलेलं गिऱ्हाईक असतो, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. सासूबाईंना स्वतःला बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, त्यामुळे पहिलं निदान त्यांनीच केलं. ट्रेमधली वाळू रोज ओल्या गोळ्यांनी भरायला लागली होती, पाण्याचा वाडगा दुपारीच रिकामा व्हायचा, आणि दुप्पट खाऊनही तात्याच्या पाठीचा कणा हाताला लागत होता. "माझंही असंच सुरू झालं होतं गं," त्या म्हणाल्या, "याची शुगर बघून घ्या." बघितली. रक्तात साखर, लघवीत साखर. ग्लार्जिन इन्सुलिन सुरू झालं, सकाळी सातला एक युनिट, संध्याकाळी सातला एक युनिट.

इंजेक्शनची मला भीती होती, तिचं काहीच झालं नाही. सुई केसाएवढी. मानेमागची, कधी बरगडीवरची कातडी चिमटीत धरायची, तंबू झाला की टोचायचं. तात्याचं डोकं वाडग्यात असतं, त्याला पत्ताही लागत नाही. खरा त्रास पुढे सुरू झाला. शुगर उतरेचना.

दर वेळी तीच कथा. तात्याला टोपलीत कोंबायचं, खोदलेल्या रस्त्यांतून हॉर्न ऐकत न्यायचं, दवाखान्यात भुंकणाऱ्या लॅब्रेडॉरशेजारी बसवायचं, मग रक्त काढायचं. आकडा चारशेच्या वर. डोस वाढवा. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. त्या दवाखान्यात कुणी वाईट वागलं नाही, पण दर वेळी एकच उत्तर मिळत होतं, आणि तात्या तर मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून, सशासारखा चालायला लागला होता. शुगर फार दिवस वर राहिली की मांजराच्या मागच्या पायांच्या नसा अशा अधू होतात.

लेकीच्या मैत्रिणीने गंगापूर रोडच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आमच्या फाईलमधले सगळे आकडे वाचले आणि म्हणाले, "ताई, यातले अर्धे आकडे तात्याचे नाहीत, टोपलीचे आहेत." घाबरलेल्या मांजराची साखर तासाभरात शंभर-दोनशेनेही चढू शकते, डायबेटिस नसलेल्या मांजराचीसुद्धा. त्यांनी आधी फ्रुक्टोसामाइन करायला लावलं. या तपासणीत मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते, त्या दिवशीच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. तीही वाढलेलीच आली. म्हणजे टोपली धरूनही तात्याचं दुखणं खरंच होतं. डोस आहे तिथेच ठेवायचा, आणि आता शुगर घरी मोजायची, असं ठरलं.

कानाला टोचायचं म्हटल्यावर नवरा सरळ गॅलरीत निघून गेला. शिकल्या त्या सासूबाई आणि मी. मांजराच्या कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, उजेडात कान धरला की लाल रेघ दिसते. टोचायचं शिरेत नाही, शीर आणि कडा यांच्यामधे. कान गार असेल तर थेंब येतच नाही, म्हणून कोमट पाण्यात पिळलेला रुमाल आधी मिनिटभर धरायचा. मागे कापसाची घडी ठेवायची, नाहीतर सुई आरपार येऊन आपल्याच बोटात जाते. थेंब मोहरीएवढा आला की पुरे, पण तो स्ट्रिपला लागण्याआधी तात्याने कान झटकला की भिंतीवर ठिपके आणि स्ट्रिप वाया. सासूबाईंनी यावर उपाय काढला. त्या आधी स्वतःच्या बोटाला टोचायच्या, "बघ, मी रडले का?" असं त्याला विचारायच्या, मग कान धरायच्या आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा पुढे करायच्या. काही आठवड्यांत मीटरचा डबा उघडल्याचा आवाज आला की तात्या स्वतःच येऊन बसायला लागला. त्याच्या दृष्टीने तो चिकनचा डबा होता.

मीटर सासूबाईंचाच होता. डॉक्टरांनी त्याबद्दल एक गोष्ट नीट बजावली. माणसाच्या रक्तात बरीच साखर तांबड्या पेशींमध्ये असते, मांजरात ती जवळजवळ सगळी प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशींबाहेरच्या द्रवात असते, त्यामुळे माणसांचं मीटर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांसाठी वेगळं मीटर मिळतं, पण त्याच्या स्ट्रिपा महाग. आमचं मीटर त्यांनी एकदा लॅबच्या आकड्याशी ताडून घेतलं आणि म्हणाले, हेच चालवा, फक्त दर वेळी हेच वापरा आणि मला सांगताना मीटर माणसांचं आहे हे सांगा.

फ्रीजची व्यवस्था हा वेगळाच विषय. सासूबाईंचं इन्सुलिन एका मिलीत ४० युनिटचं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. तात्याचं ग्लार्जिन एका मिलीत १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट जातो, आणि तीन किंवा चार युनिटवर असलेल्या मांजराला तेवढ्याने जीव जाऊ शकतो. म्हणून सासूबाईंचं सामान फ्रीजच्या दारात, तात्याचं भाजीच्या कप्प्यावर वेगळ्या स्टीलच्या डब्यात, आणि डब्यावर लेकीने स्केचपेनने मांजर काढलेलं. ज्यांच्या घरात आधीच कुणी इन्सुलिनवर आहे त्यांनी बाकी काही नाही केलं तरी एवढं करावं.

सिरिंज आणायला मी गोळे कॉलनीत जाते. औषधांचा होलसेल बाजार असल्यामुळे तिथे अर्ध्या युनिटची खूण असलेली, ३० युनिटची छोटी सिरिंज शोधली तर सापडते, आणि मांजराच्या डोसला तीच लागते. पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने बिल करताना विचारलं, "पेशंटचं नाव?" म्हटलं, तात्या. "वय?" म्हटलं, नऊ. त्याने मान वर करून पाहिलं. पुढच्या वेळेपासून तो मला लांबून बघूनच "तात्या कसे आहेत?" विचारतो, आणि एप्रिलमध्ये ग्लार्जिनसोबत न मागता बर्फाची थैली देतो. त्या उन्हात मुंबई नाक्यापर्यंत येईस्तोवर पिशवीतलं सगळं तापतं.

मग आलं खाणं. तात्या जन्मभर कोरड्या दाण्यांवर वाढलेला. कोरडे दाणे बांधायला पिठूळ पदार्थ लागतात, आणि मांजराच्या शरीराला एवढा पिठूळपणा पेलत नाही. त्याला हवं मांस. डॉक्टरांनी ओल्या पाउचवर आणलं, तेही घट्ट लगद्याचे, कारण रश्श्याच्या पाउचमध्ये रस दाट करायला बरेचदा स्टार्च घातलेला असतो. नुसतं उकडलेलं चिकन का नको, हे मी विचारलं. त्यात कॅल्शियम नाही, टॉरिनचाही (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य) भरवसा नाही, आणि टॉरिन कमी पडलं की मांजराचे डोळे आणि हृदय जातं. खाणं एका दिवसात बदलायचं नाही, असंही बजावलं, कारण पिठूळ कमी झालं की शुगर आपोआप उतरते आणि आधीचा डोस जड होतो.

श्रावण लागला तेव्हा घरात वाद झाला. सासूबाई श्रावणात मांसमच्छी स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. दोन दिवस तात्याचा वाडगा गॅलरीत राहिला, तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "आजाऱ्याला पथ्य असतं, व्रत नसतं," आणि वाडगा पूर्वीच्या जागी आला. गणपतीत साताची वेळ आरतीवर यायची. नवरा घंटा वाजवतोय, लेक आरतीचं ताट धरून उभी, आणि मी पाटाच्या बाजूला तात्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून.

एवढं सगळं करूनही आकडा चारशेवरून साडेतीनशेच्या आसपास आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. डोस एव्हाना चार युनिट झाला होता. डॉक्टर म्हणाले, आता कर्व्ह करा. म्हणजे सकाळच्या इंजेक्शनआधी एकदा आणि मग बारा तास, दर दोन तासांनी शुगर. एका रविवारी आम्ही कुठेही गेलो नाही. ३८० ने सुरुवात, दुपारी एकला ३१८, संध्याकाळी सातला ३७६. लेकीने आलेख काढला, तो जवळजवळ आडवाच.

तो आडवा आलेख बघून डॉक्टर मात्र खूश झाले, आणि मला त्यांचा थोडा रागच आला. पण त्यांचं म्हणणं असं होतं की दुपारी साखर एकदम खाली जाऊन परत उसळत असती तर डोस जास्त होतोय म्हटलं असतं. इथे इन्सुलिन जातंय, साठवण ठीक आहे, टोचणं ठीक आहे, तरी साखर हलत नाही. म्हणजे अंगात दुसरं काहीतरी इन्सुलिनला आडवं येतंय. ते शोधल्याशिवाय पाचवं युनिट द्यायचं नाही. माझ्या मते आमच्या सगळ्या प्रवासातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. डोस वाढवणं सोपं असतं, कारण त्याला फक्त पेन लागतं.

मग यादी सुरू झाली. लघवीचं कल्चर, कारण साखरेच्या लघवीत जंतू आवडीने वाढतात. स्वच्छ आलं. स्वादुपिंडाची सूज, नाही. थायरॉइड, नाही. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ येऊन ग्रोथ हार्मोन वाढतं आणि इन्सुलिन निकामी करतं, हे मांजरांत वाटतं त्याहून जास्त सापडतं, पण अशी मांजरं बरेचदा शुगर वाईट असूनही वजनाने वाढतात. तात्या वाळत होता, म्हणून ती तपासणी त्यांनी शेवटी ठेवली. राहिलं तोंड. तात्या तोंड उघडू देत नाही, हे आम्ही त्याचा स्वभाव म्हणून सोडून दिलेलं. भूल देऊन एक्स-रे काढला तर दोन दाढा मुळाशी सडलेल्या, खाली पू. मागचे काही महिने तो त्याच दाढांनी खात होता.

शुगर एवढी असताना भूल द्यायची म्हणजे त्यांनाही धाकधूक होती. त्या सकाळी इन्सुलिन अर्धंच द्यायला लावलं, भूल असतानाही शुगर बघत राहिले, दाढा काढल्या, अँटिबायोटिक दिलं आणि घरी पाठवताना चाराचे दोन युनिट केले. सांगितलं, "पू गेला की इन्सुलिन एकदम लागू पडायला लागेल. काही दिवस रात्रीही बघा."

त्यांनी सांगितलं नसतं तर मी त्या रात्री झोपले असते. अकराच्या सुमारास तात्या हॉलमधून येताना दारूड्यासारखा झोकांड्या खात आला, भिंतीला अंग घासत थांबला आणि माझ्याकडे न बघता कुठेतरी बघत राहिला. मीटरवर ४८. हाताशी मध होता. मध तोंडात ओतायचा नसतो, शुद्ध हरपत असेल तर ठसका लागून फुप्फुसात जातो. बोटाला लावून ओठ वर करून हिरड्यांवर चोळायचा, आणि बोट दातांच्या मधे जाऊ द्यायचं नाही. नवरा, जो कानाला टोचताना गॅलरीत जातो, तो डॉक्टरांना फोन लावून बसला. पाव तासाने ६१. मग तात्याने पाउच चाटून साफ केला. ७९. मग ११२. सासूबाई तोवर देवापुढे दिवा लावून आल्या होत्या आणि मला म्हणत होत्या, "मला होतं ना तेव्हा मी साखर खाते, त्याला बिचाऱ्याला सांगता येत नाही." सकाळचा डोस डॉक्टरांनी वगळायला लावला आणि नंतर एका युनिटवर आणलं.

लेकीच्या हट्टाने मग माणसांच्या दंडाला लावतात तो १४ दिवसांचा सेन्सर लावून पाहिला. खांद्यावरचे केस कापून चिकटवला. तात्याने तो सोफ्याच्या कडेला घासून चौदा दिवसांच्या खूप आधी काढून टाकला, पण तेवढ्यात रात्रीचे आकडे कळले, पहाटे तीनला तो १२० वर असतो हे कळलं, आणि माझी झोप परत आली.

सध्या दीड युनिटवर आहे. बहुतेक वेळा १४० ते २६० मध्ये असतो. काही मांजरं इन्सुलिनमधून पूर्ण सुटतात, तात्या सुटेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. एवढे दिवस शुगर वर राहिली की ती शक्यता कमी होते. टाचा अजून पूर्ण उचलल्या गेलेल्या नाहीत, पण ओट्यावर उडी मारून सासूबाईंच्या पोळीचं तूप चाटण्याइतपत पाय चालतात. इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की लघवीत कीटोन उतरतात, ते बघायच्या पट्ट्या घरात ठेवल्या आहेत. खाणं सोडलं, उलट्या झाल्या, पट्टीने रंग बदलला, तर कुणाला न विचारता थेट दवाखान्यात, हे सगळ्यांना पाठ आहे.

पुढचा कर्व्ह दिवाळीच्या आठवड्यात करायचा नाही असं ठरलंय. आमच्या सोसायटीत लक्ष्मीपूजनाला ज्या माळा लागतात त्याने तात्या कपाटामागे जातो आणि आकडा कुठेही जातो. भाऊबीज उरकली की पुढच्या रविवारी करू. त्यातही साखर परत चढलेली दिसली तर पिट्युटरीची ती राहिलेली तपासणी करायची आहे.