त्यांच्याकडं आपला तांब्या आहे

कोल्हापुरात उन्हाच्या वेळी काम लवकर आटपलं की टाउन हॉलच्या बागेत बसावं म्हणून जावं तर बाकं आधीच जोड्यांनी धरलेली असतात, मग उरतं म्युझियम. चार्ल्स मँट नावाच्या साहेबानं डिझाइन केलेली १८७२ ते ७६ मधली गॉथिक इमारत. आत पोसायडन आहे.

एवढासा आहे हो. वीतभर पण नाही. ग्रीकांचा समुद्राचा देव, दाढीवाला, हात उगारलेला, त्यात त्रिशूळ असणार कधीतरी, आता नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडला, १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया-दीक्षितांनी तिथं रीतसर खणलं त्या सुमारास. सातवाहनांच्या काळात रोमन माल जहाजानं कोकणात उतरायचा आणि घाट चढून वर यायचा, त्यातच हाही आला असणार. म्हणजे समुद्राचा देव उतरला कुठं, तर पंचगंगेकाठी, आणि पंचगंगा जाते पूर्वेला कृष्णेकडं, तो आला त्याच्या बरोब्बर उलट्या दिशेला. आता काय बोलायचं.

शेजारी एक लहान पोरगं वडलांचा हात धरून उभं होतं.

"पप्पा, देवाला कपडे का न्हाईत?"

"ग्रीक हाय तो."

"त्यांच्यात थंडी नसती?"

"चल, पुढं हत्ती हाय."

हत्ती आहे खरंच, ब्राँझचा, पाठीवर माणसं बसलेली, सुरेख आहे. पण मी अडकलो भांड्यांपाशी. पोसायडनसोबत भांडीपण मिळालीत आणि त्यांच्याकडं ढुंकून कोणी बघत नाही, सगळे देवाचा फोटो काढून पुढं. मला मात्र काच नसती तर ती उलटी करून बघायची होती. खोड आहे ही माझी, कुणाकडं जेवायला गेलो की वाटी रिकामी झाल्यावर हळूच बुडाखाली बघतो नाव कुणाचं घातलंय, बायको टेबलाखालून चिमटा काढते.

ही खोड लागली आजीच्या काशाच्या वाटीमुळं. रात्री निजायच्या आधी तळव्याला खोबरेल लावून आजी ती वाटी घासायची, गुदगुल्यांनी जीव जायचा, पाय ओढला की दुसऱ्या हातानं घोटा गच्च धरायची, आणि तळवा काळा झाला की दाखवायची, बघ केवढी उष्णता निघाली. सकाळी चादरीवर काळे ठसे आणि आईचं तोंड वाकडं, पण सासूला बोलणार कोण. तर त्या वाटीच्या बुडाला ठिपक्या-ठिपक्यांनी एक नाव घातलेलं होतं जे आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. आडनाव पण आमचं नाही. मी विचारलं, आजी ही वाटी आपली नाही? तर घासता घासताच म्हणाली, "असू दे, त्यांच्याकडं आपला तांब्या आहे."

विषय संपला. ते लोक कोण, तांब्या कधी गेला, काही नाही. भाजी घालून आलेली वाटी असेल, कुणाच्या बाळंतपणात गेलेला तांब्या असेल. दोन्ही घरांना माहीत होतं आणि दोन्ही घरं गप्प होती. आता असं नसतं, आता आपण स्टीलचा डबा परत मागायला व्हॉट्सअ‍ॅप करतो, आणि तोही डबा ऑनलाइन ऑर्डरसोबत फुकट आलेला असतो.

तर काचेसमोर उभं असताना मला हेच आठवत होतं, आणि मग आठवली पॉम्पेईची, म्हणजे इटलीतल्या त्या जुन्या रोमन शहरातली बाई. १९३८ ला तिथल्या खोदकामात एक हस्तिदंती मूर्ती मिळाली, आपल्याकडची, तशाच मूर्ती इकडं तेर आणि भोकरदनला सापडल्यात. ती बसलीय तिकडं नेपल्सच्या म्युझियममध्ये, अंगावर दागिने सोडले तर फारसं काही नाही, म्हणजे तिथंही एखादं पोरगं बापाला तेच विचारत असणार. आपला पोसायडन इकडं, आपली बाई तिकडं. खरं तर आपला पोसायडन म्हणणं पण गंमतच आहे, पण इतकी वर्षं कोल्हापुरात राहिलाय म्हणल्यावर आपलाच की.

काशाची वाटी सध्या बहिणीकडं आहे. हल्ली तळवे घासायची मशीन पण मिळते, काशाची तबकडी गरागरा फिरते, आपण वर पाय ठेवून मोबाइल बघायचा, घोटा धरायला कुणी नसतं. घरी घेतलीय, वापरत नाही. परवा बहिणीला म्हणलं, वाटी दे की कधीतरी. तर म्हणाली, तुझ्याकडं माझा मिक्सर आहे.

मिक्सर जळालाय. ते अजून तिला सांगितलेलं नाही.