बोरीकाठची मुलगी आणि फ्रेंच

बोरी नदीकाठच्या आमच्या अमळनेरला लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक आणि अलीकडे बारावीतल्या मुलींचे पालक मला एकच प्रश्न विचारतात: खानदेशातल्या मुलीने पुण्याला जाऊन तीन वर्षे फ्रेंच शिकून काय मिळवले? मांडवात उभ्या उभ्या त्याचे उत्तर मला कधीच नीट देता आले नाही, म्हणून ते येथे लिहिते आहे.

नोकरीचे आधी सांगून टाकते. फ्रेंचच्या प्रावीण्याचे ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा स्तर मानतात. पहिल्या चार स्तरांसाठी डेल्फ आणि वरच्या दोन स्तरांसाठी डाल्फ ही परीक्षा असते, आणि या प्रमाणपत्रांना मुदत नसते. माझ्या अनुभवाप्रमाणे बी-२ च्या, म्हणजे चौथ्या स्तराच्या, अलीकडे थांबलेल्या फ्रेंचवर पोट भरत नाही; त्यापुढे गेलेल्यांना भाषांतर, अध्यापन, कंपन्यांचा पत्रव्यवहार अशी कामे मिळतात. माझे घर भाषांतरावर चालते. पण मला मिळाले ते एवढेच असते, तर मांडवातले उत्तर पुरले असते.

फ्रेंच साहित्य माझ्या आधीच अमळनेरच्या घरांत पोहोचलेले होते. आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी व्हिक्टर ह्यूगोची १८६२ सालची प्रचंड कादंबरी ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली. ते पुस्तक मी नववीत वाचले, आणि ज्या भाषेत हे मुळात लिहिले गेले ती भाषा आपल्याला यावी, ही इच्छा तेव्हापासूनची आहे.

महाविद्यालयातल्या पहिल्या महिन्यात आकड्यांचे श्रुतलेखन होते. फ्रेंच लोक दूरध्वनी क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी सांगतात. बाईंनी ‘कात्र-वँ-दी-सेत’ असे म्हटले आणि वर्ग थांबला, कारण त्याचा शब्दशः अर्थ चार-वीस-सतरा असा होतो आणि लिहायचे असतात सत्त्याण्णव. मी मात्र ते लिहून मोकळी झाले होते. माझी आजी भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या काढून पाटीत भरताना अशीच मोजत असे: चार विसा झाल्या, वर सतरा. तिला अक्षरओळख नव्हती आणि शंभरापर्यंतचे आकडेही सलग म्हणता येत नसत, म्हणून ‘विसा’ची मोजणी अडाण्यांची आहे, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. पॅरिसमधला प्राध्यापकही ऐंशी हा आकडा चार विसा असाच म्हणतो, हे कळल्यावर त्या दिवशी मला आजीची अतिशय आठवण आली. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंचमध्ये नव्वदसाठी सुटसुटीत वेगळा शब्द आहे, तरी फ्रान्सने आपली विसांची मोजणी सोडलेली नाही.)

पुढे असे वारंवार घडत गेले. ‘अरेतुरे करणे’ आणि ‘अहोजाहो करणे’ यांसाठी फ्रेंचमध्ये स्वतंत्र क्रियापदे आहेत, ‘त्युत्वाये’ आणि ‘वुव्वाये’. ती मला समजावून सांगावी लागली नाहीत. व्याकरणात सर्वांत धास्तीचा समजला जाणारा नियम भूतकालवाचक धातुसाधिताचा आहे. ‘मी चिठ्ठी लिहिली’ या वाक्यात फ्रेंच धातुसाधित बदलत नाही, ‘एक्री’ असेच राहते. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ असे म्हणताना चिठ्ठी आधी येते, ती त्यांच्याकडेही स्त्रीलिंगीच आहे, म्हणून ‘एक्री’चे ‘एक्रीत’ होते आणि एरवी मुका असणारा ‘त’ ऐकू येतो. इंग्रजीतून विचार करणाऱ्या माझ्या मैत्रिणी येथे वर्षभर अडखळत राहिल्या. चिठ्ठी लिहिली, कागद लिहिला, पत्र लिहिले, असे कर्माच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलत लहानाची मोठी झालेल्या मला त्यात नवे एवढेच होते, की फ्रेंच भाषा कर्म पुढे आल्यावाचून त्याची दखल घेत नाही.

तथापि मला खरोखर हलवून सोडले ते तिसऱ्या वर्षीच्या संस्कृतीच्या पेपरने. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, आबे ग्रेग्वार या धर्मगुरूंनी राष्ट्रीय सभेपुढे एक अहवाल मांडला. देशातल्या बोली नष्ट करून सर्वत्र एकच फ्रेंच चालवावी, असे त्याचे उद्दिष्ट होते. बोलींसाठी त्यांच्याकडे ‘पात्वा’ हा तुच्छतेचा शब्द होता. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, आणि ब्रिटनी प्रांतातल्या शाळांत ब्रेतों बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एखादी वस्तू, कधी लाकडी खडाव, अडकवण्याची शिक्षा चालत असे. दुसरा कोणी बोलताना सापडेपर्यंत ती त्याच्या गळ्यात राहायची. हे वाचताना मी पुढचे पान बराच वेळ उलटू शकले नाही. मी ज्या शाळेत शिकले तेथे ‘मला’ऐवजी ‘माले’ निघाले की सगळा वर्ग हसत असे, आणि चौथीनंतर मी आजीशीसुद्धा अहिराणी बोलणे सोडले होते. माझ्या गळ्यात कोणी काही अडकवले नव्हते, तरी परिणाम तोच झाला होता.

त्याच पेपरात फ्रेदेरिक मिस्त्राल भेटला. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सची भाषा त्याने कवितेसाठी निवडली, तिचा मोठा शब्दकोशही सिद्ध केला, आणि १९०४ च्या साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला. त्या सुट्टीत मी दोनशे पानी वही घेतली आणि फ्रेंच शब्दकोशात पाहिलेल्या पद्धतीने, म्हणजे शब्द, लिंग, अर्थ आणि घरात कोणी उच्चारलेले एक वाक्य, या क्रमाने अहिराणी शब्द लिहू लागले. पहिल्या पानावर आंडोर आणि आंडेर आहेत, मुलगा आणि मुलगी. फ्रेंचमधले ‘फीस’ आणि ‘फीय’ हेही असेच एका मुळातून आलेले शब्द आहेत.

तेव्हा तुमच्या मुलीने फ्रेंच घ्यावे का, याला माझे उत्तर होकारार्थी आहे. फक्त बी-२ होईपर्यंत तिला मध्येच थांबवू नका, आणि ती घरी आली की तिच्याशी घरातली भाषा बोला. आजी आता नाही. वहीतल्या जागोजागी अर्थ सुटलेले आहेत, ते मोठ्या मावशीला विचारायचे म्हणून मी वेगळ्या पानावर उतरवून ठेवले आहेत. दिवाळीला अमळनेरला जाईन तेव्हा ते पान सोबत असेल.