तुम्ही विचारलंत म्हणून: माझी माणसं पाठमोरी का असतात

"सगळी माणसं पाठमोरीच का हो काढता? चेहरा का नाही दाखवत?" प्रदर्शनात निदान दहा-बारा जण तरी हे विचारतात. काही जण उत्तरही स्वतःच देऊन टाकतात: काहीतरी दुःख असणार, कुणीतरी पाठ फिरवून गेलं असणार. उभ्या उभ्या मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर ते अपुरं राहिलं म्हणून चुटपुट लागते. म्हणून आज बसून नीट सांगते.

मी इचलकरंजीची. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून हे गाव मागाच्या आवाजातच झोपतं, त्याच आवाजात उठतं. पप्पा मागावर, आई कांडी मशीनवर, म्हणजे आडवं सूत छोट्या कांड्यांवर गुंडाळायच्या कामाला. माझी शाळा सकाळची, त्यामुळं दुपारी पप्पांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं. कारखान्याच्या दारात पोचलं की समोर पप्पांची पाठ दिसायची. सोळा मागांच्या खडखडाटात "पप्पा" म्हणून हाक मारली तर माझी मलाच ऐकू यायची नाही. मागून जाऊन खांद्याला हात लावायला मनाई होती. चालू मागावर हात असताना माणूस दचकला तर काय होतं, हे पप्पांनी सोबतच्या एका कामगाराचं अर्धं बोट दाखवून मला समजावलेलं. "मी वळूपर्यंत थांबायचं," एवढाच नियम. मग मी थांबायची. कधी दोन मिनिटं, कधी पंधरा. पाचवीपासून दहावीपर्यंत.

इतकी वर्षं एक पाठ बघितली की ती वाचता यायला लागते. कांडी पोटात घेऊन मागात इकडून तिकडं धावतो तो धोटा. कांडी संपत आली की तो काढायला हात जायच्या आधीच पप्पांचा उजवा खांदा खाली यायचा. उभी तार, म्हणजे उभा धागा, तुटली की दोन्ही कोपरं अंगाजवळ यायची, मान वाकायची आणि गाठ मारून होईपर्यंत पाठ जागची हलायची नाही. रात्रपाळी करून परत दिवसपाळीला थांबले असतील तर सगळा भार डाव्या पायावर. मानेवरच्या केसांत सुताची पांढरी लव अडकलेली असायची. बनियन दोन रंगांचं दिसायचं, कोरडं तिथं पांढरं आणि घामानं चिकटलेलं तिथं अंगाच्या रंगाचं. मग कधीतरी ते वळायचे, मला बघून हसायचे. ते हसू मला दिसावं म्हणून आणलेलं असायचं, हे मोठेपणी कळलं. चेहऱ्यानं पप्पा थकवा लपवू शकायचे. पाठीला ते जमत नव्हतं.

तेव्हा मी हे काढत मात्र नव्हते. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट दिली. महाराष्ट्रात चित्रकला आवडणारं बहुतेक पोर या दोन परीक्षांतून जातंच. त्यातल्या स्मरणचित्राच्या पेपरसाठी आम्ही सात-आठ माणसं पाठ केली होती: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, फुगेवाला, बोट धरून चाललेलं मूल, सायकलवाला. विषय बाजार आला, बसथांबा आला, जत्रा आली, तरी तीच माणसं जागा बदलून बसवायची. मला अ श्रेणी मिळाली, दहावीला त्याचे 7 वाढीव गुणही मिळाले. त्या परीक्षांनी हात तयार केला, ब्रश धरायला शिकवलं, हे मी कधी नाकारणार नाही. पण 'स्मरणचित्र' असं नाव असलेल्या पेपरात मला खरंखुरं जे आठवत होतं ते एकदाही उतरलं नाही, आणि उतरवायचं असतं हे कुणी सांगितलंही नाही.

कोल्हापूरला कलाशिक्षण घ्यायला गेले तेव्हा पहिल्यांदा पप्पांची पाठ काढायला बसले. जमेना. पोस्टर कलरची सवय, म्हणून बनियनला पांढरा रंग लावला आणि ते चुना फासल्यासारखं दिसायला लागलं. जलरंगात पांढरं म्हणजे कागद, तो राखायचा असतो, हे ऐकून माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. तो एक महिना मला अजून लख्ख आठवतो. आधी पाठीचा सगळा भाग पाण्यानं ओला करायचा, त्यात बर्न्ट सिएनाची, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, पातळ छटा सोडायची आणि जिथं बनियन कोरडं आहे तिथं ब्रश जाऊ द्यायचा नाही. ओल्या कागदावर रंग स्वतःहून पसरतो, अगदी कापडावर घाम पसरतो तसा. मग चुण्यांच्या सावलीला अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून तयार होणारा करडा. एका संध्याकाळी रंग वाळता वाळता दोन्ही फऱ्यांच्या मधे बनियन अंगाला चिकटल्यासारखं दिसायला लागलं आणि मला रडू आलं. ते पप्पाच होते. कुणी चेहरा झाकून ठेवला असता तरी मी ओळखलं असतं, तसे.

दुसऱ्या वर्षी एका शिक्षकांनी वर्गासमोर म्हटलं, "चेहरा जमत नाही म्हणून पाठी काढतेस." शब्द लागले, पण शंका खरीच असली तर, असंही वाटलं. मग सहा महिने रोज सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन बसले आणि फक्त चेहरे काढले. गारगोटीची गाडी बघत बसलेल्या म्हाताऱ्या, बाकावर पेंगणारे कंडक्टर, परीक्षेला निघालेल्या मुली. दोन वह्या भरल्या. चेहरे जमायला लागले, आवडायलाही लागले. तरी खोलीवर येऊन मोठा कागद लावला की हात पाठीकडंच जायचा. तेव्हा माझी खात्री झाली.

त्याच काळात सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं एक चित्र मी पुन्हा पुन्हा बघत होते, दिवा घेतलेल्या बाईचं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते जलरंगातलं आहे यावर आजही अनेकांचा विश्वास बसत नाही. त्यासाठी उभी राहिलेली त्यांची मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर, आमच्या कोल्हापुरातच राहायच्या. 2018 साली वयाच्या 102 व्या वर्षी त्या गेल्या. चित्रात चेहरा आहे आणि तो फार सुंदर आहे. पण डोळे मिटून ते आठवा, आधी बोटं येतील: ज्योतीपुढं आडवा धरलेला हात आणि बोटांच्या कडेनं आरपार आलेला तांबूस उजेड. वारा लागू नये म्हणून जपणं म्हणजे काय, ते तिथं बोटांत आहे. माणूस अंगभर असतो, हे मला त्या चित्रानं दिलं.

डेन्मार्कचा चित्रकार व्हिल्हेल्म हामरशोय मला फार उशिरा भेटला. आपली बायको इडा त्यानं कितीदा तरी पाठमोरी काढली, कोपनहेगनमधल्या घराच्या करड्या, शांत खोल्यांत. ती शांतता मला परकी वाटली नाही. माग कानात इतका भरतो की थोड्या वेळानं काहीच ऐकू येत नाही, आणि समोरचा माणूस एकदम शांततेत उभा असल्यासारखा दिसायला लागतो.

गेल्या वर्षी कोल्हापुरात शाहू स्मारक भवनात आम्ही चौघांनी मिळून चित्रं लावली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, हातात कापडी पिशवी. एका चित्रापुढं बराच वेळ थांबले. मी मनात नेहमीच्या प्रश्नाची तयारी करून जवळ गेले, तर ते चित्राकडंच बघत म्हणाले, "कांडी संपलीया त्याची." मी म्हटलं, "तुम्ही मागावर आहात?" तर म्हणाले, "हुतो. तीस वर्षं." चित्रात ना धोटा होता, ना कांडी. उजवा खांदा तेवढा खाली आलेला होता. त्यांनी चेहऱ्याचं काही विचारलं नाही. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

तेव्हा तुम्ही विचारता त्याचं उत्तर असं, की ही माणसं कुणावर रुसलेली नाहीत आणि कुणाला सोडून निघालेलीही नाहीत. ती कामात आहेत आणि मी दारात डबा घेऊन उभी आहे. ती वळतील. चित्र त्याच्या आधीचं आहे.

आता ते दारही राहिलं नाही. पप्पांच्या कारखान्यात रेपियर माग आले. त्या मागाला धोटाच नसतो, म्हणून कांडीही लागत नाही. जुने माग वजनावर भंगारात गेले. पप्पा आता दुसऱ्या एका कारखान्यात आहेत, जिथं जुने माग अजून चालतात, आणि आईचं कांडीचं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलंय. खांदा तसा खाली येणं ज्या कामामुळं होतं ते काम निघून चाललंय, म्हणून मी सध्या भराभर काढतेय, हेही खरं आहे.

परवा आई म्हणाली, "त्येंचीच पाठ किती काढशील? मला काढ की. आन् माझं तोंड काढ, पाठ नगं." मी तिला खिडकीपाशी बसवलं. कामावर जाताना घालते तसा साडीवर शर्ट घाल म्हटलं, तर आधी लाजली, मग घातला. चेहरा दोन बैठकांत झाला. डाव्या भुवईवरचा व्रण राखलाय, तो तिनंच राखायला सांगितला. शर्टावर अडकलेय. शर्ट पप्पांचा जुना, त्यामुळं खांद्याची शिवण आईच्या दंडावर उतरते, आणि उजव्या खांद्याचं कापड डाव्यापेक्षा विरलेलं आहे. तिथं कागद अजून कोरा ठेवलाय.